गोंदिया की नागपूर, तू विचारलं म्हनून

चंद्रे,

ज्या दिवशी मी घर सोडलं त्या दिवशी मायची अन् माझी निरोपाची भेटच झाली नाही, आठवते का तुले? तू बारा वरसाची होती. अर्जुनीच्या टेसनावर आपन सकाळपासून बसलो होतो, छोटी गाडी येता येत नव्हती, रडनं सारं घरीच आटपून आलो होतो म्हनून कोनाजवळ बोलाले काही उरलं नव्हतं. बा रुळाच्या पलीकडच्या बांधीत उतरून दुसऱ्याचं धान पाहून राहिला होता. तुझे भाऊजी पेटीवर बसून होते, लगन होऊन दोन महिने झाले होते अन् अजून मी त्याइच्या तोंडाकडं नीट पाह्यलं नव्हतं. माय म्हनली, पोरीले रस्त्यात तहान लागन, मी विहिरीवरून गडवा भरून आनते. ती तिकडं गेली अन् गाडी आली. दोन मिनिटं थांबली असन. मी खिडकीतून पाह्यलं तं माय गडवा धरून पळत येऊन राहिली, अर्धं पानी लुगड्यावर सांडलं, अन् पळता पळता ओरडून राहिली, "वं पोरी, पोटभर जेवजो!" अजून काहीतरी म्हनली, ते इंजनाच्या आवाजात गेलं. काय म्हनली ते मी तिले नंतर विचारलं तं तिलेच आठवत नव्हतं.

बा तं एवढंच म्हनला, "पानी पाहून राहजा." बस.

आता तुझी चिठ्ठी आली. तू लिहते का धान कापनी झाली की जावईबापू तुले अन् चार महिन्याच्या पोरीले घेऊन गाव सोडून राहिले, गोंदियाच्या धानगिरनीत बी काम मिळते अन् नागपूरच्या कापडगिरनीत बी मिळते, अन् ते म्हनतात तुझ्या मोठ्या बहिनीले, बाईले विचार, ती दोन्ही शहरात राहली आहे, ती सांगन ते खरं. कापनी आटपाच्या आत सांग म्हनते. काल दिवसभर माझ्या बिड्या ढिल्या झाल्या, कारखान्यात माल द्याले गेली तं चेकरनं अर्धा सूप छाटून टाकला अन् म्हनला, "क्या बाई, बुखार है क्या?" बुखार नाही. तुले काय सांगू हाच घोर आहे.

मी दुसरी शिकली, तू तिसरी. माझं अक्षर तुले लागन. हे कागद बिडीच्या लेबलाचे आहेत, मागून कोरे असतात. तू एकटी वाच, मंग ज्या ज्या जाऊन राहिल्या त्यांना वाचून दाखव. हिराकाकूची सून जाऊन राहिली म्हनतात, तिले तं नक्की. बाले अन् मायले नोको.

पह्यले गोंदिया सांगतो.

गोंदिया म्हंजे टेसन. टेसनाच्या भवताल गाव वसलं. दिवसभर इंजन ओरडते, मोठ्या गाडीचं वेगळं, आपल्या छोट्या गाडीचं वेगळं, अन् महिनाभरात मले कानानंच समजू लागलं का आता आपल्या गावाकडची गाडी सुटली. नव्या नव्या मी त्या आवाजावर हातातलं काम सोडून उभी राहो. भाऊजी हासत, "काऊन, बसाचं आहे का?" ते तवा धानगिरनीत होते. उकडलेल्या धानाचा वास लुगड्याले, केसाले, भाताले. इथं कोनी आपल्यासारखं बोलत नाही. दुकानात हिंदी, भाजीवाल्याची हिंदी, पोस्टमन बी हिंदी. बाजूची फूलमतीबाई रायपूरकडची, ती तिचं बोलते, मी माझं, अन् दोघींचं भांडन बी बरोबर होते. मले पह्यल्या दिवशी तिनं विचारलं, "कहाँ की हो?" मी म्हनली, "तलावाची." ती हासून हासून लोळली. मंग खोल्याइच्या सगळ्या लाईनीत मी तलाववाली.

बायाइचं काम घरबसल्या बिड्या वळाचं. सूप मांडीवर घ्याचा, पानं ओली करून कापून ठेवाची, तंबाखू भराची, वळाची, धागा बांधाचा. दारादारात बाया बसून असतात, हात चालतात अन् तोंडं बी चालतात. लेकरं आजूबाजूले. हे चांगलं आहे, मी खोटं नाही सांगत. पानी विहिरीचं, खारट नाही, पन उन्हाळ्यात तळाशी जाते अन् हिवताप घरोघर. दवाखाना आहे पन आपल्यासारख्याले कंपाउंडर लाल पानी देते अन् घरी धाडते.

माझा लखू आपल्या घरी झाला, तुले मालूम आहेच. तो पाच महिन्याचा झाला अन् भाऊजीले नागपूरच्या गिरनीचं काम लागलं. लढाईच्या कापडाचं काम होतं, मानसं पाहिजेच होती, बाया बी पाहिजे होत्या. त्याइनं मले विचारलं, "येते का तिकडं?" मी म्हनली पह्यले पाहून येतो. अन् आम्ही पाहून आलो. अन् चंद्रे, मी काय पाह्यलं माहीत आहे का? पानी पाह्यलं. चाळीच्या कोपऱ्यावर नळ होता. कळ फिरवली का पानी, तेही गोड, थंड, शेवाळ नाही, जळू नाही. आपल्या बापदाद्यानं गावोगावी पाळी घालून तलाव बांधले, पानी चांगलं तं गाव चांगलं हे आपल्या रक्तात आहे, मी ओंजळ भरून प्याली अन् म्हनली, इथं राहू. खोली कशी आहे पाह्यलं नाही. शेजारी कोन आहे पाह्यलं नाही. लेकरू दिवसभर कुठं राहीन हे मी विचारलंच नाही. आपले लोक हीच चूक करतात, नवं गाव पाहतात तं विहिरीत वाकून पाहतात, अन् दाराआडचं पाहत नाहीत.

नागपूर मोठं. कितीही चाललं तरी संपत नाही. रस्त्यावर बिजली. सगळे मराठी बोलतात, मले वाटलं बरं झालं, पन मी तोंड उघडलं का हासत. "आली झाडीतली!" नळावर बाया मले मुद्दाम बोलवत, "काऊन वं, कायले वं, सांग ना काहीतरी." गोंदियात माझं कोनाले समजत नव्हतं म्हनून हासत, इथं समजत होतं म्हनून हासत. हे दुसरं जास्त लागते. पन शाळा आहे, पोरींचीही आहे. संत्री रस्त्यावर ढीग लावून विकतात. मोठा दवाखाना आहे, तिथं बाई डाक्टर आहे. हे सगळं मनात धर, कारन मी पुढं जे सांगतो त्याच्यानं तू घाबरशीन अन् म्हनशीन नागपूर नोकोच. तसं नाही. ऐक.

गिरनीचा भोंगा पहाटे वाजे. मी रिळाच्या खात्यात, सूत गुंडाळाले. आत इतकी गरमी अन् इतकी रुई का नाकातून पांढरं निघे. आवाज असा का बाई बाईच्या कानाशी ओरडे तरी ओठ पाहून समजावं लागे. लेकराले आत नेता येत नव्हतं. पाळनाघर होनार होनार म्हनत होते. भाऊजीची एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी. मंग लखू कुठं?

चाळीच्या टोकाले रखमा बुढी राहे. तिच्या खोलीत सात लेकरं. जिची माय गिरनीत तिचं लेकरू बुढीपाशी. मी पह्यल्या दिवशी लखूले घेऊन गेली तं पाहते काय, सातही लेकरं रांगेत गोधडीवर निजलेली, एकाचाही आवाज नाही. खोली सारवलेली, लेकरायची तोंडं पुसलेली, डोळ्यात काजळ. मी म्हनली, "आजी, काय जादू केली वं?" बुढी हासली, एकच दात होता तिले, "माझी शाळा बिनआवाजाची आहे."

मले वाटलं किती नशीबवान मी.

तिसऱ्या दिवशी समजलं. मोहरीपेक्षा थोडी मोठी काळी गोळी, अफूची. दुधाच्या थेंबात घासून बोटानं चाटवाची. मी बुढीवर ओरडली. ती रागावली नाही. म्हनली, "पोरी, सारी चाळ देते. तुझी सासू असती तं तिनं धरलं असतं लेकरू. आहे का सासू इथं? सात रडले तं मी काय करू, माझे हात किती?" नळावर विचारलं तं बाया म्हनल्या, "त्याच्यानं काय होते? आम्ही सगळ्या गोळीवरच वाढलो." अन् त्या ठनठनीत होत्या चंद्रे, हातभर बांगड्या, मोठमोठ्यानं हासनाऱ्या. मी काय म्हनावं?

पह्यला हप्ता मी रडली. दुसऱ्या हप्त्यात गोळी मीच घेऊन गेली.

खरं सांगतो, वाईट याच्यात हे नव्हतं का गोळी दिली. वाईट हे का मले ते आवडू लागलं. दिवसभर रिळावर उभी राहून आली का पाय फुगलेले, अन् लखू गप निजलेला, मी चूल पेटवो, भाकर टाको, पदराले कोनाची ओढ नाही, कोनाची हाक नाही. मी म्हनो, शहरातले लेकरं शहाने असतात. तो सुकून राहिला होता हे मले दिसत नव्हतं. दूध पीत नव्हता. हासत नव्हता. दहा महिन्याचा झाला तरी बसवला का कलंडे. मायचा निरोप आला का नातवाले दात आले का, मी सांगून धाडलं आले, आले. एकही नव्हता.

मंग दात येऊ लागले. तो दिवस सांगाले मले दोन दिवस लागले, हे कागद मी मधात ठेवून दिले होते.

भाऊजी रातपाळीचे होते. पहाटे घरी आले, तोंडावर रुई, डोळे लाल, भिंतीकडं तोंड करून पडले. लखू आंगानं गरम होता अन् रडून राहिला होता, असा का गळ्यातून घरघर. मले भोंग्याची घाई. मले भेव वाटलं का हे उठतीन, बोलतीन, "एक लेकरू सांभाळता येत नाही का तुले?" असं ते एकदा म्हनले होते. मी अर्धी गोळी घासली अन् चाटवली. मंग त्याले बुढीपाशी नेला. बुढीले सांगतलं नाही का मी दिली. काऊन नाही सांगतलं? कारन बाकीच्या बाया नळावर म्हनत, ही झाडीतली आता पक्की नागपूरची झाली, अन् मले लाज होती का मी घरी बी देते. एवढ्याशा लाजेपायी. मी लेकरू दिलं अन् पळाली. दुपारी मले रिळावर एकदम आठवलं का बुढी आपल्या वेळेवर तिची पूरी गोळी देईनच. पन सुट्टी कोन देते? मी हात चालवत राहिली. आता बी मी बिडी वळतो तं हात चालते अन् ती दुपार डोळ्यापुढं येते.

संध्याकाळी बुढीकडं गेली तं लखू तिथं नाही. म्हनली, "तापलं होतं, गोळी देऊन बी रडतच होतं, मी दुपारीच तुझ्या नवऱ्याजवळ नेऊन दिलं." खोलीत गेली. भाऊजी निजलेले, त्याइच्या बाजूले लखू निजलेला. मी उचलला तं मान मागं पडली. ओठ निळे. मी नाव घेऊन ओरडली, तळपायाले चापटा मारल्या, पानी शिंपडलं. श्वास एक येई, अन् मंग इतका उशीर का मी मनात म्हनो आता नाही येनार, अन् मंग दुसरा येई. भाऊजी उठले, त्याइनं पाह्यलं, अन् काही न विचारता उचलून पळाले. अनवानी. मी मागं.

दवाखान्यात नर्सबाईनं पापनी वर केली. बुबुळ सुईच्या टोकाएवढं. तिनं आमच्याकडं पाह्यलं अन् विचारलं, "अफू दिली? किती दिली?"

"नाही," मी म्हनली. भाऊजी बी म्हनले, "नाही." दोघं एकाच वेळेले.

नर्स म्हनली, "किती दिली ते सांगाल तर लवकर वाचेल." मी पुन्हा नाही म्हनली. पोटचं लेकरू निळं पडलं होतं अन् मी खोटं बोलून राहिली होती, कारन बाजूले नवरा उभा होता. नर्सनं आमाले विचारनं सोडून दिलं. तिले डोळे पाहून समजलं होतं. नळी घातली, पोट धुतलं, काळी कडक कॉफी पाजली, अन् मले म्हनली, "याला झोपू द्यायचं नाही, रडवा, चिमटे काढा, काही करा." मी माझ्या लेकराले चिमटे काढले. सकाळ होईपर्यंत. दिवस निघाला तवा तो रडला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. नर्सबाई म्हनली, "आता रडू दे त्याला, भरपूर रडू दे."

म्हनून सांगतो नागपूरले शिव्या देऊ नोको. ज्या शहरात गोळी होती त्याच शहरात ती नर्स होती. गोंदियात हे झालं असतं तं आज लखू नसता.

महिन्याभरात मी गोंदियाले परत आली. भाऊजीले म्हनली, मले रुईचा खोकला झाला, गिरनीचं हवामान मानवत नाही, मी बिड्या वळतो, तुम्ही महिन्याले या. मले वाटलं भांडतीन. ते लगेच हो म्हनले. इतकं लगेच का मले उलटं वाईट वाटलं, म्हनली ह्या मानसाले आमची गरजच नाही.

अन् आता गोंदियाचंही ऐक, म्हंजे तू म्हनू नोको बाईनं एकच बाजू सांगतली. लखू माझ्याजवळ असते, हे खरं. पन तंबाखूची धूळ दिवसभर उडते, तो खोकलते. रांगायले लागला तवा एकदा सुपातली तंबाखू मुठभर तोंडात टाकली अन् ओकून ओकून पांढरा झाला. तवापासून मी जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेले अन् दुसरं टोक खांबाले बांधून ठेवतो. हो, बांधून ठेवतो, बकरीसारखं. अन् तो रडते. ज्या दिवशी तो जास्त रडते त्या दिवशी फूलमतीबाई भिंतीपलीकडून ओरडते, "अरी तलाववाली, तेरा लड़का है कि इंजन?" एकदा ती दाराशी आली अन् मायेनंच म्हनली, "थोड़ी अफीम चटा दे, मेरे पास है। सो जाएगा।" मी सूप फेकला अन् तिच्यावर अशी ओरडली का सारी लाईन गोळा झाली. बिचारीले काही समजलं नाही. तर इथंही आहे ते. तू कुठंही गेली तरी कोनीतरी बाई दाराशी येईन, तिचं मन चांगलंच असन, अन् तिच्या बोटावर ते असन.

लखू आता अडीच वरसाचा. उशिरा चालला. तीन शब्द बोलते, माय, पापा अन् "गाडी". फूलमतीची पोरगी याच्यापेक्षा लहान आहे, ती दोन भाषेत भांडते. मी रोज त्याच्या डोळ्याचं बुबुळ पाहतो, उजेडात एकदा, सावलीत एकदा. नागऱ्याच्या महादेवाले नवस बोलली आहे, काय बोलली ते सांगत नाही. तो निजला का मी जवळ जाऊन श्वास मोजतो, जास्त वेळ निजला तं उठवतो, मुद्दाम उठवतो, अन् तो रडते तवा माझा जीव भांड्यात पडते. हे कोनाले सांगाचं? याच्या बापाले सांगता येत नव्हतं. ते महिन्याले येत, लखूले कडेवर घेत, टेसनावर गाड्या दाखवाले नेत, अन् मी घरात बसून विचार करो, ह्याइले समजलं का मी दिली, तं ते मले लेकराजवळ राहू देतीन का?

इथपर्यंत लिहून मी थांबली होती. शनिवारी भाऊजी आले. ते म्हनले, "आता परत चल. मले मोठी खोली मिळून राहिली. लखूले तिथल्या डाक्टरीनले दाखवू, बोलत काऊन नाही ते." तुझी चिठ्ठी उशाखाली होती. मी विचार केला, चंद्रीले सांगून राहिली, अन् ज्याचं लेकरू आहे त्याले नाही?

दुपारी लखू आंगनात माती खेळून राहिला होता. मी पानं कापून राहिली होती. कैचीकडं पाहतच म्हनली, "त्या दिवशी सकाळी मी गोळी दिली होती. बुढीले सांगतलं नाही. तिनं बी दिली. दवाखान्यात मी खोटं बोलली." एका दमात. मंग मी वाट पाह्यली का आता थापड बसन.

काहीच झालं नाही. मी वर पाह्यलं. ते भिंतीले टेकून बसले होते, तोंड असं झालं होतं जसं कोनी मेलं.

म्हनले, "बुढीनं दुपारी आनून दिला तवा तो रडूनच राहिला होता. मले रातपाळी होती. मी अख्खा हप्ता निजलो नव्हतो."

मी म्हनली, "मंग?"

"मंग मी बी दिली."

चंद्रे, तीनदा. माझी अर्धी, बुढीची पूरी, अन् त्याइची. अन् दवाखान्यात दोघं सोबत "नाही" म्हनलो, त्याइचं "नाही" मले वाटलं मालूमच नाही म्हनून.

ते म्हनले, "फक्त त्याच दिवशी नाही. जवाजवा माझी रातपाळी, तवा मी द्यायचो. तुले सांगतलं असतं तं तू म्हनली असती, बाप आहे का कसाई." मी म्हनली, "अन् मी तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही म्हनले असते, एक लेकरू सांभाळता येत नाही." ते म्हनले, "म्हनलो असतो." मंग आम्ही दोघं बी थोडंसं हासलो, असं कसं हासलो मले मालूम नाही, अन् मंग ते रडले. त्याइले रडताना मी पह्यल्यांदा पाह्यलं. म्हनले, "तू गोंदियाले जातो म्हनली तवा मले वाटलं तुले समजलं. म्हनून मी अडवलं नाही."

दीड वरस चंद्रे. एक मानूस नागपूरले अन् एक गोंदियाले, अन् दोघंही एकाच गोष्टीपासून लपून राहिलो होतो.

तर तू विचारलं, कोनतं शहर. मले ठरवता येत नाही. पानी नागपूरचं चांगलं, दवाखाना नागपूरचा, शाळा नागपूरची. हात लेकराजवळ राहते ते गोंदियात, पन धूळ बी इथलीच, अन् गाडीचा आवाज आला का गाव जवळ वाटते हे बी इथलंच, त्याचा मोह पडते म्हनून सांगून ठेवतो. तुम्ही दोघं बसून ठरवा. पन जाच्या आधी जावईबापूले समोर बसव अन् एवढं एक कबूल करून घे, पोरीच्या पोटात काय गेलं, कितीदा गेलं, कोन्या हातानं गेलं, ते दुसऱ्याले सांगाचं. रागावला तरी सांगाचं, लाज वाटली तरी सांगाचं. दूध असो, काढा असो, गोळी असो. हे कबूल नसन तं गाव सोडू नोको, वाटनीचं अर्धं एकर धान बी पुरन. अन् हे बी सांगून ठेवतो, एक दिवस असा येईन का तूच देशीन. थकली म्हनजे मानूस देते. मी वाईट माय नव्हती तरी दिली. त्या दिवशी लपवू नोको.

आमचं अजून ठरलं नाही. भाऊजी म्हनले, मी इथल्या धानगिरनीत पुन्हा विचारून पाहतो. मी म्हनली, पह्यले त्या नर्सबाईले लखू दाखवू, अन् आता ती विचारन तं खरं सांगू, किती दिली, किती दिवस दिली, सगळं. ती काय सांगन याचं मले भेव आहे. पुढच्या हप्त्यात जाऊन राहिलो तिघं बी. मंग जे होईन ते.

पह्यले मी घर म्हंजे आपलं गाव समजो, माय, बा, तलावाची पाळ. मंग नागपूरच्या नळाले घर समजली, मंग ह्या खांबाले. काल रविवारी दुपारी, भाऊजीची गाडी सुटाले वेळ होता, मी लखूची पट्टी सोडली तं तो पडला अन् रडाले लागला, लागलं काहीच नव्हतं, असाच, मोठ्यानं, तोंड उघडून. मी उठली नाही. ते बी उठले नाही. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून त्याचं रडनं ऐकून राहिलो होतो, चांगला ठसठशीत आवाज आहे त्याचा. फूलमतीबाई भिंतीपलीकडून ओरडली, "अरे कोई चुप कराओ उसको!" तं भाऊजी आपल्या मोडक्या हिंदीत तिकडं ओरडले, "रोने दो बाई, हमारा घर है."

तुझी बाई